पार्किंग लॉटमधली पंचमी

अहो,

'प्रिय' वगैरे लिहिणार होते. पण एकेचाळीस वर्षांत तसं कधी म्हटलं नाही, आता म्हटलं तर तुम्हाला वाटायचं दुसऱ्याच कोणाचं पत्र चुकून आलंय. म्हणून आपलं नेहमीचंच. अहो.

मी कुठून लिहितेय ओळखा! तुमच्या डब्यातून. होय, तुमच्या त्या आरव्हीतून, त्या चाकांवरच्या घरातून, व्हरमाँटमधल्या त्याच स्की रिसॉर्टच्या पार्किंग लॉटमधून, जिथे तुम्ही गेलात. चार हिवाळे तुम्ही माझ्या मागे लागला होतात, "एकदा चल गं, एकच रात्र." मी आले नाही. आणि आता आले, तर तुम्ही नाही. याला काय म्हणायचं?

काल निखिलने ही चालवत आणली, पार्सिपनीच्या घरून पाच तास. उन्हाळ्याआधी त्याला ती विकायची आहे. त्याच्या आधी बाबांच्या जागेवर एक रात्र राहून येऊ, असं त्याच्याच मनात आलं. आत्ता सकाळचे दहा वाजलेत. "आई, दोन रन्स मारून येतो, यू विल बी ओके ना?" म्हणून तो स्नोबोर्ड घेऊन वर गेलाय. आणि मी तुमच्या घडीच्या टेबलाशी गोधडी गुंडाळून बसलेय.

लिहायचं कारण असं, की गुरुजींना आज संध्याकाळपर्यंत तुमची तिथी कळवायची आहे. वर्षश्राद्ध गुरुवारी करायचं की शुक्रवारी? सगळ्यांना वाटतं, यात विचारायचं काय, गुरुवारी, चतुर्थीला. मला एकटीला माहीत आहे की तसं नाही. म्हणजे आज सकाळपर्यंत मला वाटत होतं की मला एकटीलाच माहीत आहे.

सांगते नीट. तुम्ही म्हणायचात ना, तू गोष्ट शेपटाकडून सुरू करतेस.

त्या दिवशी संकष्टी होती. रात्री सव्वानऊला तुमचा फोन आला. तुमचा उपास, आणि चंद्र दिसल्याशिवाय तुम्ही जेवणार नाही. मी विचारलं, "दिसला का?" तुम्ही म्हणालात, "कसला दिसतोय, बर्फ पडतोय नुसता." मी म्हटलं, "उगवला असेल ढगांमागे, जेवून घ्या आता." तुम्ही म्हणालात, "बरं." झालं. एवढंच आपलं शेवटचं बोलणं. मी थोडी तुसडेपणानेच बोलले, कारण घरी एकवीस मोदक केले होते आणि खायला मी एकटी.

सकाळी आठ वाजून गेल्यावर पोलिसांचा फोन आला. दार वाजवूनही उघडेना म्हणून शेजारच्या गाडीतल्या माणसाने त्यांना बोलावलं होतं. डॉक्टर म्हणाले हार्ट अटॅक, झोपेत. कधी? ते म्हणाले रात्रीतून केव्हातरी, नक्की सांगता येणार नाही. गाडीची बॅटरी उतरून हीटर बंद पडला होता, सगळंच गार झालं होतं.

गुरुजींनी एडिसनहून फोनवर विचारलं, "वहिनी, तिथी धरायला गेल्याची वेळ माहीत हवी. रात्री अडीचला चतुर्थी संपून पंचमी लागली होती. शेवटचं कोण बोललं त्यांच्याशी?"

"मी. सव्वानऊला."

"त्यानंतर काही?"

मी म्हटलं, "त्यानंतर काही नाही."

गुरुजी म्हणाले, "मग मध्यरात्रीच्या सुमारास धरू. चतुर्थी. संकष्टीला गेले हो, भाग्यवान माणूस!"

आणि ते खोटं होतं. तुम्हाला तर माहीतच आहे. पहाटे चार पन्नासला तुमचा फोन आला होता.

मी झोपले नव्हते हो. 'झोपेत कळलं नाही' असं स्वतःला सांगायचा मी खूप प्रयत्न केला, पण नाही. फोन सायलेंटवर होता. तो उजळला, तुमचं नाव मी वाचलं. मनात आलं, आता हे सांगणार किती इंच पडला, झाडं कशी दिसतायत, तू यायला हवी होतीस. आणि मी कूस बदलली. सकाळी सातला मी उलट फोन केला, तो तुम्ही उचलला नाहीत. मग माझ्या फोनमधून मी ती ओळ पुसली. तुमचा फोन हॉस्पिटलच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून आला, तो माझ्या कपाटात साड्यांच्या खाली आहे. मी तो चार्ज केलेला नाही. निखिलने दोनदा विचारलं, मी म्हटलं सापडत नाही.

तुम्ही मला का फोन केलात? इथे तर लहान पोरालाही नऊ-एक-एक पाठ असतो! पाच तास लांब असलेली बायको काय करणार होती? की काही दुखत नव्हतंच, आणि खरंच झाडांबद्दल सांगायचं होतं? वर्षभर मी हेच उलटसुलट करतेय. एक दिवस वाटतं, तुम्ही मदत मागत होतात. दुसऱ्या दिवशी वाटतं, छे, चुकून हात लागला असेल, तुमचा फोन नेहमी उशाखाली. तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिलं.

आणि ते खोटं फुगत गेलं ना! भुसावळला भाऊजींनी सगळ्या गावाला सांगितलं, दादा संकष्टीला गेला, आयुष्यभर उपास केले त्याचं फळ. लोक मला फोन करून भाग्यवान म्हणायचे. आणि दर महिन्याला मासिक श्राद्धाचं पान मी चतुर्थीला वाढत होते. म्हणजे ज्या माणसाने पन्नास वर्षं संकष्टी मोडली नाही, त्याच्यापुढे नेमका उपासाच्या दिवशी दुपारी वरणभात! तुम्ही काय म्हणत असाल? जेवलात तरी का? की बिचारे ताटाकडे बघत बसलात?

मग गेल्या आठवड्यात गुरुजींनीच पुन्हा विचारलं. "वर्षश्राद्ध आहे वहिनी, तिथी एकदा पक्की केलेली बरी. मागच्या वर्षी आपण अंदाजाने धरली होती. नंतर काही नवीन कळलं का?" मी म्हटलं, "बघून सांगते." काय बघून सांगणार होते मी? पण तेव्हा 'नाही' म्हणवेना. निखिलने इकडे यायचं काढलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं ते त्यामुळे. त्याला वाटलं, आईला फेअरवेल करायचाय. मला काय करायचं होतं ते मलाच नीट माहीत नव्हतं.

बरं, तुमच्या डब्याबद्दल बोलू का जरा? काल पहिल्यांदा आत नीट पाहिलं. सगळीकडे तुम्ही मराठीत चिकटपट्ट्या लावून ठेवल्यात! 'वरचा दिवा.' 'खिडकी एक बोट उघडी ठेवणे.' 'गॅस: आधी हे, मग ते.' 'रात्री दहानंतर जनरेटर बंद.' संडासाच्या दारावर तर पाच ओळींचं पत्रक आहे. निखिल म्हणाला, "बाबांना मेमरीचा प्रॉब्लेम होता का?" कसला प्रॉब्लेम! तुम्हाला घरातल्या प्रत्येक बिलाचा नंबर पाठ. निखिलला मराठी वाचता येत नाही. मग कोणासाठी लिहिलं होतंत हे? इथे अजून कोणाला मराठी वाचता येतं? सांगा ना. तुम्ही मला बोलावत होतात ते निदान तोंडाने तरी नीट बोलवायचंत. 'एकदा चल गं' असं टीव्हीकडे बघत बोलवतात का? मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलतायत.

आणि भुसावळच्या माणसाला बर्फाचं एवढं काय होतं, तेही मला अजून कळलेलं नाही. स्की करायचं नाही, लिफ्टमध्ये बसायचं नाही. नुसतं पार्किंग लॉटमध्ये राहायचं! लोक डोंगर बघायला येतात, तुम्ही डोंगरावर आलेल्या लोकांच्या गाड्या बघायला येत होतात का? चांगलं चार बेडरूमचं गरम घर सोडून? मी मैत्रिणींना सांगायचे, आमच्या ह्यांना म्हातारपणी सर्कशीत जायचंय.

काल दुपारी आम्ही इथे शिरलो तर शेजारच्या गाडीतून एक उंच म्हातारा हात हलवत जवळजवळ पळतच आला. निखिल उतरला, त्याला पाहून तो थांबला आणि डोक्यावरची टोपी काढली. हा तुमचा वॉल्ट. म्हणाला, "सॉरी. गाडी दिसली आणि एक सेकंद मला वाटलं विनी आला." विनी! विनायकाचा विनी करून घेतलात आणि घरी पत्ता नाही. त्यानेच त्या सकाळी पोलिसांना बोलावलं होतं, हेही तेव्हा कळलं. मी थँक यू म्हटलं. तो माझ्याकडे बघेना. मला वाटलं, अमेरिकन माणूस, मेलेल्याच्या बायकोशी काय बोलावं कळत नसेल.

आज सकाळी निखिल वर गेल्यावर दार वाजलं. वॉल्ट, सोबत त्याचं कुत्रं आणि हातात एक निळं फावडं. म्हणाला, "हे विनीचं आहे. वर्षभर माझ्याकडे राहिलं. आत येऊ का?"

मी चहा टाकला. तुमच्या चिकटपट्टीप्रमाणे, आधी हे, मग ते. तो माझ्यासमोरच्या बाकावर बसला आणि कुत्र्याचे कान चोळायला लागला. मग त्याने सांगितलं. इंग्रजीत सांगितलं, मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगते.

इथला नियम असा, की रात्री बर्फ पडला की रिसॉर्टचा स्नो प्लाऊ मधला रस्ता साफ करून जातो, पण तो बर्फ गाड्यांच्या दारांशी ढकलला जातो. तो ज्याचा त्याने काढायचा. दोन वर्षांपूर्वी वॉल्टच्या कमरेचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून बर्फ पडला की तुम्ही पहाटे उठून आधी त्याच्या पायऱ्या साफ करायचात आणि मग स्वतःच्या. न बोलता. तो थँक यू म्हणाला की म्हणायचात, "एक्सरसाइज."

एक्सरसाइज! अहो, घरी तुम्ही एकदा तरी फावड्याला हात लावलात का? "डॉक्टरांनी मनाई केलीय" म्हणून आपण ड्राइव्हवेसाठी माणूस लावला होता! मनाई फक्त पार्सिपनीत का? व्हरमाँटमध्ये हृदय वेगळं असतं?

वॉल्ट म्हणाला, "त्या पहाटे मला फावड्याचा आवाज आला. मी घड्याळ पाहिलं, साडेचार. आत छान ऊब होती. मनात आलं, उठावं, त्याला म्हणावं इतक्या लवकर कशाला, आत ये, कॉफी घे. पण कंबर दुखत होती आणि मी उठलो नाही. मग आवाज थांबला. मला वाटलं, झालं त्याचं."

सकाळी त्याने दार उघडलं तर अर्ध्याच पायऱ्या साफ होत्या आणि फावडं बर्फात उभं रोवलेलं. तुम्ही कधी काम अर्धवट टाकत नाही, हे त्यालासुद्धा माहीत होतं. म्हणून तो तुमचं दार वाजवायला आला.

पोलिसांनी त्याला विचारलं, रात्री काही ऐकलंस का? तो म्हणाला, नाही. का म्हणाला ते त्याला माहीत नाही. म्हणाला, "माझ्या पायऱ्यांपायी त्याचा जीव गेला, असं मला वाटतं. आणि मी पांघरुणात होतो."

खरं सांगू? पहिल्यांदा मला त्याचा इतका राग आला! मनात आलं, स्वतःच्या पायऱ्या झेपत नाहीत तर या बर्फात येऊन राहतोस कशाला रे बाबा? माझ्या नवऱ्याला राबवून घेतलंस आणि वर पोलिसांशी खोटं बोललास? तोंडापर्यंत आलं होतं. पण पोलिसांशी खोटं म्हटलं तर मग गुरुजींशी खोटं कोण बोललं होतं?

मी म्हटलं, "वॉल्ट, त्याने मला फोन केला होता. चार पन्नासला. मी पाहिला. उचलला नाही."

एका वर्षात मी हे पहिल्यांदा मोठ्याने बोलले. आणि कोणाशी, तर एका अनोळखी गोऱ्या म्हाताऱ्याशी, कुत्र्यासमोर. ना मुलाशी, ना बहिणीशी. माझं मलाच कळेना मी असं कसं केलं.

मला वाटलं तो म्हणेल, तुझी काही चूक नाही. इथले लोक म्हणतात तसं लगेच. पण तो तसं काही म्हणाला नाही. त्याने विचारलं, "चार पन्नास?"

"चार पन्नास."

"हो," तो म्हणाला. "साधारण तेव्हाच थांबला होता आवाज."

चहा गार झाला. त्याला चहा आवडला की नाही तेही कळलं नाही, पण त्याने तो संपवला. जाताना म्हणाला, "आज रात्री बर्फ पडणार आहे. तुमच्या मुलाला सांगा, हे फावडं त्याने माझ्यासाठी वापरायचं नाही." आणि ते दाराशी ठेवून गेला.

आता मी काय समजू, सांगा. हे ऐकून सगळं उलगडायला हवं होतं ना? फावडं रोवलंत, छातीत काहीतरी झालं, आत आलात, मला फोन केलात. सरळ आहे. पण निखिलने तेव्हाच सांगितलं होतं की तुमचे बूट खाली कागदावर जोडीने ठेवलेले होते, जॅकेट हूकला होतं आणि टोपी त्याच्या खिशात. कळ आलेला माणूस बूट कागदावर ठेवतो का? तुम्ही ठेवाल. जीव जात असला तरी गालिचा ओला होऊ नये म्हणून तुम्ही ठेवाल! म्हणजे मग कळ होती का? की नुसतं दमल्यासारखं झालं म्हणून आडवे झालात, आणि सहज माझी आठवण आली? माझं गणित अजूनही दोन्हीकडून सारखंच येतं. आणि मी फोन उचलला असता तर ते कळलं तरी असतं. 'काय हो एवढ्या पहाटे' म्हणून मी खेकसले असते, आणि तुम्ही काहीतरी म्हणाला असतात. काय म्हणाला असतात?

ते मला कधीच कळणार नाही. तुमचा फोन चार्ज केला तरी कळणार नाही. त्यात फक्त वेळ असेल.

पण वेळ तरी आता दोघांना माहीत आहे. एवढं एकच या सगळ्या गोंधळात पक्कं आहे. चार पन्नासला तुम्ही होतात. अडीचला चतुर्थी संपली होती.

भाऊजींना काय सांगू? त्यांनी तुमच्या फोटोखाली 'संकष्ट चतुर्थीस देवाज्ञा' अशी पाटी करून लावली आहे. ते म्हणतील, वहिनी, एवढ्या चांगल्या दिवसाचं तुम्ही वाटोळं केलंत. निखिल काय म्हणेल याची मला जास्त भीती वाटते. तो ओरडणार नाही. "यू न्यू? होल इयर?" एवढंच म्हणेल आणि गप्प बसेल. तो गप्प बसला की अगदी तुमच्यासारखा दिसतो.

हे बघा, तो उतारावरून खाली येताना दिसतोय, लाल जॅकेट. बोर्ड काढायला त्याला पाच मिनिटं लागतील.

आज सांगते त्याला. तो आत आल्याबरोबर, त्याने काही बोलायच्या आत. मग गुरुजींना, मग भाऊजींना. घरी गेल्यावर तुमचा फोन साड्यांखालून काढून त्याच्या हातात देईन. संकष्टीचं पुण्य गेलं तर गेलं, रागवायचं तर मनसोक्त रागवा. पण तुम्ही बाराला गेलात असं म्हणून मी तुमच्या आयुष्यातले शेवटचे पाच तास लपवून ठेवले होते. आणि त्या पाच तासांत तुम्ही अंधारात उठून कोणाच्या तरी दारातला बर्फ काढला, आणि मला फोन केलात. ते पाच तास तुमचे आहेत. ते मी सगळ्यांना सांगेन, माझ्या न उचललेल्या फोनासकट. शब्द देते.

शुक्रवारी या. मी पान वाढून वाट बघते.

तुमची,
वसुधा